पंखांवरील खुणा ओळखा, मगच पंप उचला
(हिवरखेड येथील संत्रा बागायतदारांसमोर दिलेले भाषण)



मोर्शी तालुक्यातील आपले हिवरखेड संत्र्याच्या पट्ट्यात येते. बागेत मोठे फुलपाखरू दिसले की काहीजण लगेच फवारणीचा पंप काढतात. त्याआधी पंखांवरील खुणा पाहाव्यात. नुकसान पानांचे होणार की फळांचे, की मुळीच होणार नाही, हे त्यावरून कळते.

प्रथम फुलपाखरू व पतंग यांतील फरक पाहू. फुलपाखरू दिवसा उडते, बसल्यावर बहुधा पंख पाठीवर उभे मिटते आणि त्याच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंग बहुधा रात्री उडतो, पंख आडवे किंवा छपरासारखे ठेवतो व त्याच्या मिशांना गाठ नसते.

लिंबूवर्गीय फुलपाखरू : पंख काळे, त्यांवर पिवळसर ठिपके. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी रंगाचा ठिपका असतो. पंखांना शेपटी नसते. हे फुलपाखरू स्वतः फुलांतील मध पिते. नुकसान करते ती त्याची अळी. मादी कोवळ्या पालवीवर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे काढते व उग्र वास सोडते. रोपवाटिकेत आणि नवीन बागेत ती पाने फस्त करते.

कॉमन मॉरमॉन : नर काळा असून मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असते. पंखांना शेपटी असते. याचीही अळी संत्रा-लिंबाची पाने खाते. मादी मात्र फसवी आहे. तिचा एक प्रकार कॉमन रोझ या फुलपाखरासारखा दिसतो, कारण ते फुलपाखरू विषारी असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. अशा वेळी अंगाकडे पाहावे. अंग लाल असेल तर रोझ, काळे असेल तर मॉरमॉन. रोझची अळी ईश्वरीसारख्या वेलींवर वाढते, तिचा संत्र्याला उपद्रव नाही.

फळातील रस शोषणारा पतंग : आंबिया बहाराचा खरा शत्रू हा. पुढचे पंख वाळलेल्या पानासारखे असतात. मागचे पंख नारिंगी-पिवळे असतात. त्यांच्या मध्यभागी गोल काळा ठिपका असल्यास एक जात, स्वल्पविरामासारखा काळा पट्टा असल्यास दुसरी. हा पतंग अंधार पडल्यावर बाहेरून येतो, पिकत्या फळाला सोंडेने छिद्र पाडतो व रस शोषतो. छिद्रातून बुरशी शिरते, फळ सडते व गळते. याची अळी संत्र्यावर नसते. ती बांधावरील गुळवेल, वासनवेल यांवर वाढते. म्हणून दिवसा झाडावर केलेली फवारणी वाया जाते व मधमाश्या, मित्रकीटक मात्र मरतात.

यावरून उपाय ठरवावेत :

१) रोपवाटिकेतील व लहान झाडांवरील अंडी, अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात. प्रादुर्भाव जास्त असल्यास ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.

२) बागेभोवतालची गुळवेल व वासनवेल काढून टाकावी.

३) गळलेली फळे रोज वेचून खोल खड्ड्यात पुरावीत. त्यांचा वास पतंगांना बोलावतो.

४) फळे पिकू लागताच संध्याकाळी बागेत धूर करावा. विषारी आमिष वापरावयाचे असल्यास औषध व प्रमाण कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसारच घ्यावे.

शंका असल्यास कीटक काचेच्या बाटलीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा. पंख चुरगळू देऊ नयेत. त्यांवरील रंग हे बारीक खवल्यांचे असतात, ते झडले की ओळख पटविणे कठीण जाते.

महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळी अर्थात ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. तिच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. तेव्हा मोठ्या झाडावर चार-दोन अळ्या दिसल्या म्हणून घाबरू नये. मोठे झाड तेवढी पाने सहज भरून काढते. पतंगाने छिद्र पाडलेले फळ मात्र बाजारात जात नाही. आपली मेहनत व पैसा तिकडे लावावा, हीच विनंती.