रूप साधे, गळा गोड
(मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा सराव नाही. पण मंडळाने बोलायला सांगितले, तेव्हा रानातल्या एका पाखराविषयी चार शब्द सांगते.

सह्याद्रीच्या झाडीत, कर्नाळ्याला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हे पाखरू राहते. इंग्रजीत त्याला ‘पफ-थ्रोटेड बॅब्लर’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत ‘स्पॉटेड बॅब्लर’ असे नाव सापडेल. नात्याने आपल्या सातभाईंच्या जवळचे, पण स्वभाव उलटा. सातभाई थव्याने कलकलाट करतात; हे एकटेदुकटे, झुडपाखालचा पाचोळा उलटून किडे शोधत असते.

आकार साधारण चिमणीएवढा. पाठ मातकट तपकिरी. डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावर फिकट भुवई, गळा पांढरा आणि छातीवर तपकिरी रेघोट्या. गाताना तो पांढरा गळा फुगतो, म्हणून ते इंग्रजी नाव. चोच लांब, पिवळी, विळ्यासारखी वाकलेली दिसली, तर पाखरू दुसरे समजावे.

डोळ्यांना मात्र ते क्वचितच सापडते. ते ओळखावे कानांनी. एरवी तीन-चार स्वरांची स्वच्छ शीळ. विणीच्या दिवसांत पहाटे ती लांबत जाते, स्वर झोपाळ्यासारखे वर चढतात, खाली येतात. हातातले काम न सोडता ऐकता येते, म्हणून आपणा बायकांना हे सोयीचे. मुलगी पाहताना आधी रंग विचारणाऱ्यांनीही ती शीळ एकदा ऐकावी!

आता मुख्य गोष्ट. हे पाखरू पावसाळ्याच्या सुमारास घरटे बांधते ते जमिनीवर. वाळक्या पानांचा गोळा, बाजूला दार. शेजारी उभे राहिले तरी तो पाचोळाच वाटतो. आपण रानातला पाचोळा झाडून आणतो, कोणी तो जागीच पेटवून देतो. पाचोळा गेला की पाखराचे अन्न गेले आणि घरही गेले. शेताला राब लागतो, हे मला कळते. म्हणून विनंती एवढीच की, पाचोळा वाटेवरचा आणि मोकळ्या जागेतला आणावा. झुडपांखालचा राहू द्यावा. तिथे विस्तव लावू नये आणि पावसाळ्यात मुलांना काठीने ढोसू देऊ नये.

एवढे आपण केले तर पहाटेची ती शीळ आपल्या नातवंडांनाही ऐकू येईल.