परदेशी शिकणाऱ्या मुलीचा एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"परदेशात शिकणाऱ्या मुलींविषयी चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विमान मी पाहिले ते डोक्यावरून जातानाच. पण वाचनालयातले पुस्तक घ्यायला शिक्षण कोणी विचारीत नाही. तेव्हा मी आज एकाच मुलीच्या एकाच दिवसाविषयी बोलणार आहे. दिवस ११ मार्च १८८६, गुरुवार. गाव अमेरिकेतले फिलाडेल्फिया. मुलगी आपली कल्याणची, आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई म्हणजे पहिली डॉक्टरीण, एवढे आपल्याला पाठ आहे. २०१९ साली तिच्यावर सिनेमा निघाला, तोही पुष्कळजणींनी पाहिला असेल. तरी मागचे थोडे सांगितल्यावाचून त्या दिवसाची गोडी कळायची नाही. तिचा जन्म १८६५ सालचा, लग्न नवव्या वर्षी. गोपाळराव पोस्टातले, बिजवर, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. हट्ट चांगला, पण शिकवण्याची रीत कशी, तर मारझोडीची. लहानपणी खाल्लेल्या त्या माराबद्दल तिने पुढे अमेरिकेतून त्यांना पत्रात स्पष्ट लिहिले आहे. गोपाळरावांची स्तुती ऐकताना मला ते पत्र नेहमी आठवते. मात्र त्यांच्यावाचून ती गेली नसती हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असतात, हे आपण बायकांनी घरोघरी पाहिलेले आहे.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळी पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मेलेले बरे, असे बायकांना वाटे. बाईला बाईच डॉक्टर हवी, हे तिने तिथून मनात धरले.

पुढे एक गंमतच झाली. गोपाळरावांनी तिच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. त्याने ते आपल्या मासिकात छापले. न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या होत्या. तिथे ते मासिक त्यांच्या हाती आले. बाईंनी लगोलग तिला पत्र घातले, आणि ना नात्याची ना गोत्याची अशी ती बाई तिची मावशी झाली. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आनंदीबाई बोटीत बसली. नवरा बरोबर नाही, वय अठरा. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, ती थेट कार्पेंटरबाईंच्या घरी गेली.

ऑक्टोबरात बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव घातले. कॉलेजातले तिचे एक छायाचित्र आहे, १० ऑक्टोबर १८८५ चे. माझ्या मुलीने मला ते दाखवले. तीन मुली शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक जपानची केई ओकामी, एक सीरियातली सबात इस्लांबुली आणि तिसरी आपली आनंदी. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला आहे. आनंदीने लुगडे नेसून दागिने घातले आहेत. मी ते पुष्कळ वेळ पाहत बसले. अभ्यास तिकडचा, थंडी तिकडची, प्रकृती आधीच नाजूक, पण बसणे आपल्या माजघरात बसावे तसे.

आता तो दिवस. पदवी घेण्यापूर्वी प्रत्येकीला एक प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईने विषय घेतला आपल्या हिंदू लोकांतल्या बाळंतपणाचा. कॉलेजात रोग का थोडे होते? पण तिने बाळंतपण घेतले. दहा दिवसांचे मूल गेल्याला तेव्हा सातएक वर्षे झाली होती. मी तिच्या मनात शिरून काही सांगत नाही. आपल्यापैकी ज्यांना कळायचे त्यांना ते कळेलच.

पदवी मिळाली तेव्हा तिला एकविसावे पुरे व्हायला वीस दिवस कमी होते. गोपाळरावही तोवर अमेरिकेत येऊन पोचले होते. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका पाहुणीबद्दल. कॉलेजच्या मुख्य बाई डॉ. रेचल बॉडली यांनी इंग्लंडला बोलावणे धाडले होते पंडिता रमाबाईंना. रमाबाई तेव्हा तिकडे शिकत होत्या आणि शिकवीतही होत्या. नवरा १८८२ सालीच वारलेला. मुलगी मनोरमा पाच वर्षांचीही नव्हती. अशी विधवा बाई लेकराला घेऊन, ऐन हिवाळ्यात समुद्र ओलांडून आली. कशाला? तर आपल्याकडची एक मुलगी डॉक्टर होते आहे ते पाहायला.

दोघींचे दूरचे नाते होते म्हणतात. पण त्याहून मोठे अंतर मध्ये होते. रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या होत्या. आनंदीबाई मात्र हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर सभेत सांगून निघाली होती. पुण्यात त्या दोघी एका पंगतीला बसू शकल्या नसत्या. फिलाडेल्फियात एक पदवी घेत होती आणि दुसरी ती डोळे भरून पाहत होती. मग मराठीत काय काय बोलल्या असतील!

हे वाचल्यापासून मला आपल्याच आळीतली गोष्ट आठवते. आपल्या एका मैत्रिणीची मुलगी जर्मनीत शिकली. तिच्या पदवीच्या दिवशी तिच्या बाजूने खुर्चीवर बसायला कोणी नव्हते. आईने फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पोळ्या लाटता लाटता समारंभ पाहिला. मध्येच फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी आपण बायकांनी तिला काय विचारले? "आता लग्नाचे काय?" मुलीने काय शिकून घेतले ते एकीनेही विचारले नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले आहे.

आणि आता माझ्या घरचे सांगते. माझी धाकटी नर्सिंग शिकली आहे. पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जाण्याचा अर्ज तिने भरला आहे, पण घरातून अजून होकार नाही. सासूबाई समोरच बसल्या आहेत, म्हणून त्यांच्यादेखतच बोलते. त्यांचे म्हणणे, "मुलगी एकटी, आजारी पडली तर पाणी कोण देईल?" हे भय खोटे नाही. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परत आली ती क्षयाने पोखरून. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा तिला मिळाली होती, ती तिला घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. सासूबाई, हे मी तुमच्यापासून लपवीत नाही. पण तिकडे आजारात पाणी द्यायला तिला कार्पेंटरबाई होती. पुढे तिची रक्षाही त्या बाईंकडेच गेली आणि त्यांच्या घराण्याच्या स्मशानात, पकीप्सी गावी, ठेवली गेली. मी आमच्या मुलीसाठी तिकडे आपल्या माणसांची चौकशी चालवली आहे. दोन पत्ते मिळाले आहेत. कोणा बहिणीचे नात्यातले माणूस त्या बाजूला असेल तर चहाच्या वेळी मला जरूर सांगा.

रमाबाईंचे राहिलेच. त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या, पण अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून ते १८८७ साली तिथेच छापले आणि आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. गावोगाव व्याख्याने देऊन पैसा जमवला आणि मुंबईस येऊन विधवांसाठी शारदासदन काढले. त्याच्या उद्घाटनाची तारीख ११ मार्च १८८९. बरोबर तीन वर्षे झाली होती. तारीख मुद्दाम धरली की सहज जुळली, ते त्याच जाणोत. मी मात्र आमच्या घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवली आहे.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. तेव्हा येथेच थांबते आणि आपली रजा घेते.