‘राखून ठेवा’ म्हणजे काय?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सकाळी सव्वानऊला शेअरबाजार उघडतो, पण विश्लेषकांचा दिवस त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. फोर्टातल्या किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दलाली पेढ्यांमध्ये आठच्या सुमाराला बैठक बसते. काल कोणाचा तिमाही निकाल आला, कोणाचा नफा अंदाजापेक्षा कमी निघाला, कोणत्या समभागाची शिफारस बदलायची, हे तिथे ठरते. बाजार उघडायच्या आत हा मजकूर म्युच्युअल फंडांकडे, विमा कंपन्यांकडे, सिंगापूर-हाँगकाँगच्या वित्तसंस्थांकडे जातो. तुमच्या-आमच्या दूरचित्रवाणीवर खालच्या पट्टीत तो पळू लागतो, तेव्हा बहुधा भाव हलून गेलेला असतो. मी काही वर्षे अशाच एका पेढीच्या संशोधन विभागात होतो, त्यामुळे आजचे बोलणे थोडे घरातले आहे.

विश्लेषक कंपनीचा ताळेबंद वाचतो, व्यवस्थापनाला भेटतो, जमल्यास कारखाना पाहून येतो आणि येत्या दोन-तीन वर्षांत प्रतिसमभाग किती मिळकत होईल याचा अंदाज बांधतो. त्यावरून एक लक्ष्यकिंमत काढतो. कंपनीला नफा झाला की भाव वाढतो, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. भाव हलतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात पडलेल्या फरकाने.

१० एप्रिल २००३ या दिवसाचे उदाहरण घ्या. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस तेव्हा बाजाराची लाडकी होती. सरलेल्या वर्षात तिचा नफा वाढलाच होता. मात्र पुढच्या वर्षीच्या मिळकतीतील वाढीचा जो आकडा कंपनीने सांगितला, तो विश्लेषकांनी धरलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. एका दिवसात समभागाची सुमारे पाव किंमत गेली. इतर सॉफ्टवेअर कंपन्यांचे भावही तिच्या पाठोपाठ घसरले. कंपनी तोट्यात गेली नव्हती. फक्त सगळ्यांच्या कागदावरची अपेक्षा एकाच वेळी खाली आली होती.

विश्लेषक जगभर असतात. मग त्यांच्या शब्दाने आपल्यासारख्या उदयोन्मुख बाजारात जास्त खळबळ का होते? एक कारण साधे आहे. आपल्याकडे कित्येक कंपन्यांचे निम्म्याहून अधिक समभाग प्रवर्तकांच्या कपाटात असतात. खरेदी-विक्रीला उरतात ते थोडे. चार मोठ्या संस्थांनी एकाच अहवालावरून विकायचे ठरवले, तर दार अरुंद आणि गर्दी मोठी अशी अवस्था होते. अलीकडे यात फरक पडला आहे. दरमहा ‘एसआयपी’तून येणारी रक्कम २०२४च्या ऑक्टोबरात प्रथमच २५ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. परकीय संस्था विकतात तेव्हा घेणारा आता घरातच असतो.

दुसरे कारण जास्त विचार करायला लावणारे आहे. मॉर्क, यंग आणि यू या अर्थतज्ज्ञांनी २००० साली दाखवून दिले, की पोलंड, चीन यांसारख्या बाजारांत एखाद्या आठवड्यात सुमारे ८० टक्के समभाग एकाच दिशेने जातात. अमेरिकेत हे प्रमाण ६०च्या आत होते. म्हणजे तिथे कंपनी चांगली की वाईट, याला भाव फारसा विचारतच नाही. विश्लेषक वाढले की हे चित्र सुधारेल, असे कोणालाही वाटेल. पण २००६ साली चॅन आणि हमीद यांनी २५ उदयोन्मुख बाजार तपासले, तेव्हा उलटेच आढळले. ज्या समभागांवर जास्त विश्लेषकांची नजर, ते बाजाराबरोबरच जास्त हलतात.

मला याचे आश्चर्य वाटले नाही. कंपनीच्या आतली माहिती काढणे महाग आणि कटकटीचे असते. रुपया, व्याजदर, पाऊस, कच्चे तेल यांचे आकडे मात्र सगळ्यांना मिळतात. आम्ही तेच घेऊन सगळ्या क्षेत्राचे अंदाज एकदम वर किंवा खाली सरकवायचो. शेजारच्या पेढीतला विश्लेषकही तेच करायचा. एकट्याचा अंदाज चुकला तर नोकरीवर येते. सगळ्यांचा मिळून चुकला तर ‘परिस्थिती’ चुकते!

आता जरा अवघड भाग. एका मध्यम आकाराच्या कंपनीवर मी अहवाल लिहिला होता. तिची उधारी वाढत चालली होती, रोकड येत नव्हती. मी शिफारस केली ‘विका’. पेढीचा दुसरा विभाग त्याच कंपनीच्या नव्या भागविक्रीचे काम पाहत होता. अहवाल छापून आला तेव्हा शब्द होता ‘राखून ठेवा’. मी सही परत घेतली नाही. सांगलीच्या माझ्या आत्याकडे ते समभाग होते. निवृत्तीच्या पैशातून घेतलेले. वर्षभरात भाव निम्म्यावर आला. ती एवढेच म्हणाली, “अरे, तूच लिहिलं होतंस ना, म्हणून ठेवले.”

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नव्हे. अमेरिकेत २००३च्या एप्रिलमध्ये दहा मोठ्या वित्तसंस्थांनी अशाच आरोपांवरून सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून तडजोड केली.

आणि हेतू स्वच्छ असला तरी विश्लेषकाला सगळे दिसतेच असे नाही. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या १.६ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. गुंतवणूकदार आणि विश्लेषक इतके खवळले, की काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. हे त्यांचे श्रेय खरेच. मात्र ताळेबंदातल्या रोकडीवर त्यांनी वर्षानुवर्षे विश्वास ठेवला होता. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंचे पत्र आले. ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. ‘मेटास’ची खरेदी म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता, हेही त्यांनीच लिहिले. त्या दिवशी १७९ रुपयांचा समभाग ४० रुपयांच्या आसपास आला. नव्या शिफारशी आल्या, पण तोवर विकायला काही उरले नव्हते.

‘सेबी’ने विश्लेषकांसाठी स्वतंत्र नियम केले ते २०१४ साली. नोंदणी सक्तीची झाली. अहवालाच्या ३० दिवस आधी आणि ५ दिवस नंतर विश्लेषकाने त्या समभागात स्वतः व्यवहार करायचा नाही, आपल्याच शिफारशीच्या उलट वागायचे नाही आणि हितसंबंध उघड करायचे, असे ठरले. संशोधन पेढीच्या इतर धंद्यापासून वेगळे ठेवणेही बंधनकारक झाले. आमच्या वेळी एवढे असते, तर तो शब्द बदलणाऱ्याला निदान दोनदा विचार करावा लागला असता.

दूरचित्रवाणीवर म्हणूनच निवेदिका विश्लेषकाला विचारते, तुमच्याकडे हा समभाग आहे का? तो घाईत हो किंवा नाही म्हणतो. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. शिफारशी चालू असताना ती आवाज बारीक करते आणि हा प्रश्न आला की पुन्हा मोठा करते.