झाकण लावून काढलेला फोटो

जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ अशी मान्यता मिळाली. काळोख हीसुद्धा जपायची गोष्ट आहे, हे त्यानिमित्ताने बऱ्याच जणांच्या कानावर गेलं. पण आकाश कितीही काळंभोर मिळालं, तरी चार-पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की फ्रेमच्या एखाद्या कोपऱ्यात जांभळट उजेड चढलेला दिसतो. गावाचे दिवे नाहीत, चंद्र नाही, मग हा आला कुठून? तो कॅमेऱ्याच्याच पोटातला असतो. त्याला ॲम्प ग्लो म्हणतात. ‘नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकू’ असं त्याच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. माझं मत वेगळं आहे. तो पुसू नये, मोजून वजा करावा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ही मेहनत टाळूच नये.

आधी तो येतो कसा ते पाहू. सेन्सर म्हणजे सिलिकॉनची चिप. तिच्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते मोजून चित्र तयार होतं. पण इलेक्ट्रॉन उष्णतेनेही सुटतात, आणि कुठला कशाने सुटला हे सेन्सरला कळत नाही. शिवाय सेन्सरच्या कडेला ॲम्प्लिफायर आणि इतर सर्किटं असतात. वीज वाहताना ती तापतात, आणि अगदी मंद असा अवरक्त प्रकाशही बाहेर टाकतात. तो डोळ्यांना दिसत नाही, सिलिकॉनला दिसतो. म्हणून ग्लो कडेला दाट असतो आणि मध्याकडे विरत जातो. २००४ साली आलेल्या निकॉन डी७०च्या लांब एक्स्पोजरमध्ये कोपऱ्यातला हा डाग चांगलाच ओळखीचा झाला होता. आता तो जांभळाच का? व्हाइट बॅलन्स साधताना कॅमेरा लाल आणि निळ्या पिक्सेलचे आकडे हिरव्यापेक्षा मोठ्या संख्येने गुणतो. जे इलेक्ट्रॉन रंगीत फिल्टरमधून गाळून आलेलेच नाहीत, ते तिन्ही रंगांत जवळपास सारखे असतात. त्यांनाही तोच गुणाकार लागतो आणि लाल-निळं वरचढ होतं. एवढ्या रंगावरूनच संशय घ्यायला हरकत नाही.

उष्णतेचा हिशेब आपल्याला विशेष लागू आहे. सेन्सरचं तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने वाढलं की उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात. म्हणजे सेन्सर १२ अंशांऐवजी ३० अंशांवर असेल तर आठपट. आणि आकाशगंगेचा गाभा, वृश्चिक-धनूकडचा तो दाट पट्टा, रात्रीचा बराच वेळ आपल्या वाट्याला येतो तो नेमका एप्रिल-मेमध्ये, जूनपासून ढग. थंड देशांतले छायाचित्रकार ‘हल्लीच्या कॅमेऱ्यांना डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेला फोटो) लागत नाही’ म्हणतात, तेव्हा ते त्यांच्या हवेपुरतं खरं असतं. लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटरवर, हिवाळ्यात तो सल्ला चालेल. विदर्भातल्या मे महिन्यात चालणार नाही.

उपाय जुना आहे. लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढ्याच सेकंदांचं, त्याच आयएसओवर, त्याच हवेत एक्स्पोजर घ्यायचं. ही डार्क फ्रेम. तिच्यात आकाश नसतं, फक्त कॅमेरा असतो. तूप मोजण्याआधी दुकानदार रिकामा डबा तोलून घेतो, तसलाच हा प्रकार. यावर पहिला आक्षेप वेळेचा. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं की प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ जातो आणि ताऱ्यांच्या रेषा मध्येच तुटतात, हे कबूल. मग ते बंद ठेवा, आणि चंद्र उगवला किंवा ढग आले, म्हणजे आकाश तसंही हातचं गेलं, की डार्क फ्रेम ओळीने घ्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डार्क फ्रेमलाही स्वतःचा नॉइज असतो, तो फोटोत मिसळतो. एकच डार्क वजा केली तर नॉइज १.४ पटीपर्यंत वाढू शकतो. पण २५ डार्कची सरासरी घेतली की एकेका फ्रेममधली वाढ जेमतेम २ टक्के उरते. खरी मर्यादा निराळीच आहे. एखाद्या पिक्सेलमध्ये ग्लोचे ९०० इलेक्ट्रॉन साचले, तर वजाबाकीने ते ९०० जातात. त्यांच्यातला सुमारे ३०चा चढउतार मागे राहतोच. तेव्हा सेन्सर मुळात कमी तापवावा हे आलंच: लाइव्ह व्ह्यू गरजेपुरता, आणि दोन फोटोंमध्ये थोडी उसंत.

‘मग थंड केलेला खगोल-कॅमेराच घ्यावा,’ असंही कुणी म्हणेल. परवडत असेल तर जरूर घ्यावा. सोनीच्या आयएमएक्स ५७१सारख्या सेन्सरमध्ये ग्लो जवळजवळ नसतोच. पण आयएमएक्स २९४ शून्याखाली १० अंशांवर नेला तरी त्याच्या कडेचा उजेड दिसतो, कारण थंडीने उष्णतेचे इलेक्ट्रॉन आटतात, सर्किटांचा प्रकाश तेवढा आटत नाही. तो वेळेच्या सरळ प्रमाणातही वाढत नाही. एका मिनिटाची डार्क पाचने गुणून पाच मिनिटांच्या फोटोला लावली तर हिशेब चुकतो.

राहता राहिलं सॉफ्टवेअर. ते फक्त फोटो पाहतं आणि सपाट, हळूहळू बदलणारा उजेड दिसला की पार्श्वभूमी समजून काढून टाकतं. पण दूरच्या शहराची झळाळी, राशिचक्रीय प्रकाश आणि एखाद्या तेजोमेघाची फिकट कड हेही सपाटच असतात. त्यातलं काय गेलं हे नंतर कळायला मार्ग नाही. काही कॅमेऱ्यांची अंतर्गत सफाई तर बारीक ताऱ्यांनाच नॉइज समजून गिळत असे. लोकांनी त्यांना ‘स्टार ईटर’ हे नाव ठेवलं ते उगाच नाही. डार्क वजा केल्यावर उरलेली शहराची झळाळी सॉफ्टवेअरने काढायला माझा विरोध नाही. क्रम तेवढा तोच हवा.

वीस सेकंदांच्या फोटोंना यातलं बरंचसं लागत नाही. हे सगळं मिनिटांच्या हिशेबातलं आहे. डीएसएलआर असेल तर डार्क घेताना व्ह्यूफाइंडरही झाका, नाहीतर मागून शिरलेला उजेड ग्लो म्हणून मोजला जाईल. डार्क रॉमध्येच घ्या, जेपेगमध्ये नको. आणि त्या दुसऱ्या दिवशी घरी एसीत बसून घेऊ नका, तापमान जुळणार नाही.