औषधाचं नाव काय?

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. औषधशास्त्रातलं मला कळत नाही आणि अर्थशास्त्राचा तर गंधही नाही. तरी आज मी बड्या कंपन्यांच्या सत्तेवर बोलणार आहे. औषधात, राजकारणात आणि वर्तमानपत्रात ही सत्ता कशी शिरते, हा माझा विषय. मी तो पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या गोळ्यांच्या डबीतून शिकलो.

आपा गावाकडे राहते. तिला रक्तदाबाचा त्रास. एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली होती. मुलगा दर महिन्याला तालुक्याहून पट्ट्या आणून द्यायचा. मग मुलाचं काम सुटलं. आपा कुणापुढे हात पसरणारी नाही. तिनं एक हिशेब काढला. अर्धी गोळी घेतली तर एका महिन्याचं औषध दोन महिने पुरतं. भाकरी मोडावी तशी ती गोळी मोडू लागली. कुणाला बोलली नाही. पाच-सहा महिन्यांनी एका पहाटे चुलीपुढून उठताना पडली. डावा हात आणि डावा पाय गेला होता.

आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. स्टेशनावर उतरलं की कर्नाटकातून, कोकणातून आलेली माणसं दिसतात. काखेत एक्स-रेची पाकिटं, हातात जेवणाचा डबा. त्या गर्दीत आम्हीही उभे राहिलो. आपा वाचली. अर्ध्या गोळीनंच सगळं झालं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण त्यांनी ती डबी पाहिली, अर्धे तुकडे पाहिले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

घरी सोडताना त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि खाली एका शब्दाखाली रेघ मारली. म्हणाले, "हे औषधाचं खरं नाव. या नावानं मागा, जन औषधी दुकानात मिळेल." मी गेलो. तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, आणि किंमत पूर्वीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची. त्या किमतीत आपाला पूर्ण गोळी घेता आली असती, रोज. दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ बसून राहिलो. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. आपाला आणि आम्हाला इतकी वर्षं त्या औषधाचं नावच माहीत नव्हतं, हे आत कुठेतरी टोचत होतं.

कारण आपल्याला माहीत असतं ते ब्रँडचं नाव, म्हणजे कंपनीनं ठेवलेलं नाव. एका औषधाला अशी पन्नास-पन्नास नावं असतात. चिठ्ठीवर जे नाव आहे तेच द्यायचं, दुकानदाराला आपल्या मनानं बदलायची मुभा नाही. म्हणजे कोणती वस्तू घ्यायची हे घेणारा ठरवत नाही आणि विकणाराही ठरवत नाही. लिहिणारा ठरवतो, आणि पैसे मात्र घेणाऱ्याचे जातात. असा बाजार दुसरा नसेल. भाजी घेताना आपण चार पाट्या फिरतो. औषध घेताना हात जोडून उभे राहतो.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारनं एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७५ साली आला. ब्रँडची नावं टप्प्याटप्प्यानं काढून टाका आणि औषधं त्यांच्या मूळ नावानं विका, असं त्या समितीनं सांगितलं होतं. त्याला पन्नास वर्षं झाली. २०१८ पासून पट्टीवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम लागू झाला. पण पट्टीवर मोठं झालेलं नाव चिठ्ठीवर काही आलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांनी मूळ नावच लिहावं असा नियम काढला, आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला.

मग लिहिणाऱ्याच्या हातावर कुणाचा हात असतो? दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या आपल्याला ते दिसतं. आपला नंबर यायचा असतो आणि टाय लावलेला, हातात जड बॅग घेतलेला एक तरुण आत जातो. तो बिचारा पोटासाठीच फिरत असतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण बॅगेतून काय काय जातं, हे आता न्यायालयाच्या कागदांवर आलेलं आहे. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू, सहली घेऊ नयेत हा नियम डिसेंबर २००९ चा. तो डॉक्टरांना लागू. देणाऱ्या कंपन्यांसाठी २०१४ साली आचारसंहिता आली ती ऐच्छिक, म्हणजे पाळली तर पाळली. काही कंपन्या तर या भेटींचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवून आयकरात सवलत मागत होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली. न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या खंडपीठानं हेही सांगितलं की या भेटी फुकट नसतात, त्यांचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून रुग्णावरच पडतो. मला ते वाचताना आपाची डबी आठवली. कुणाच्या तरी सहलीचं तिकीट तिनं अर्ध्या अर्ध्या गोळीनं फेडलं असेल काय?

यावर डॉक्टर मंडळींचं एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिक आहे. ते म्हणतात, स्वस्त औषधाच्या दर्जाची खात्री कोण देणार? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. १९८६ साली मी शाळेत होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष होतं. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगानं चौकशी केली. कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत, अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत साखळी कशी सडली होती, हे त्यांनी दाखवलं. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावं लागलं. आमच्या गावच्या वाचनालयात मोठी माणसं त्या सुनावण्यांच्या बातम्या मोठ्यानं वाचायची, ते मला आठवतं. पुढे २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियामध्ये मुलं दगावली, तेव्हा भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला. त्यातही हेच विष सापडलं होतं.

म्हणजे दर्जाची भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय महागडं नाव हा नव्हे. उपाय आहे तपासणी. नमुने घेणारा निरीक्षक हवा, चाचणी करणारी प्रयोगशाळा हवी आणि दोषी सापडला तर त्याच्यावर हात टाकणारं सरकार हवं. आणि इथेच औषधाची गोष्ट राजकारणात शिरते. कारण सरकार पक्ष चालवतात आणि पक्षांना पैसा लागतो.

पूर्वी कंपनीनं पक्षांना किती द्यावं याला मर्यादा होती. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. कोणत्या पक्षाला दिले तेही हिशेबात दाखवावं लागे. २०१७ मध्ये ही मर्यादा काढली, नाव दाखवण्याची अटही काढली. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नाही. ज्या मतदाराच्या नावावर हे सगळं चालतं, त्याला मात्र कोणी कोणाला दिलं हे कळण्याची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा अधिकार आहे, असं सांगितलं. बँकेनं मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही आणि मार्चमध्ये याद्या लोकांपुढे आल्या.

त्या याद्यांत खाणीवाले होते, रस्ते बांधणारे होते, लॉटरीवाले होते. औषध कंपन्या होत्या आणि रुग्णालयं चालवणाऱ्या कंपन्याही होत्या. देणगी दिली म्हणजे गुन्हा केला, असं मी म्हणत नाही. तेव्हाच्या कायद्यानं ती मुभा होती आणि पैसे बहुतेक मोठ्या पक्षांनी घेतले, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही. माझं म्हणणं साधं आहे. ज्यानं औषध तपासायचं त्याचा पगार सरकार देतं, आणि ज्याचं औषध तपासायचं तो सरकार चालवणाऱ्याला देणगी देतो. हे उघड असेल तर निदान प्रश्न विचारता येतो. झाकलेलं असेल तर प्रश्न कुणाला विचारायचा?

प्रश्न विचारण्याचं काम वर्तमानपत्रांचं. आता त्यांच्याबद्दल बोललं पाहिजे, जरी हे भाषण उद्या वर्तमानपत्रातच छापून येणार असलं तरी. २००९ साली लोकसभेची आणि आपल्या विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दाशब्दानं सारखा छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो उजेडात आणला. पैसे घेऊन छापलेली बातमी, म्हणजे 'पेड न्यूज', हा शब्द तेव्हापासून घरोघरी झाला. प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांकडून चौकशी करवली. त्यांच्या तपशीलवार अहवालात वृत्तपत्रांची नावं होती. २०१० साली कौन्सिलनं स्वीकारला तो छोटा अहवाल, नावांवाचून. मूळ अहवाल बाहेर यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

जाहिरात छापणं यात पाप नाही. जाहिरातीशिवाय वर्तमानपत्र चालत नाही, हे मलाही कळतं. पाप आहे ते वर 'जाहिरात' हा शब्द न छापण्यात. आजही आरोग्याच्या पुरवणीत एखाद्या रुग्णालयातल्या नव्या यंत्राचं कौतुक येतं तेव्हा मी वरच्या कोपऱ्यात तो शब्द शोधतो. कधी मुंगीएवढ्या अक्षरात सापडतो. कधी सापडत नाही.

बघा, तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट झाली आहे. चिठ्ठीवर औषधाचं नाव नाही. रोख्यावर देणाऱ्याचं नाव नव्हतं. बातमीवर पैसे मोजणाऱ्याचं नाव नाही. कंपन्यांची सत्ता तलवार घेऊन येत नाही. ती नाव झाकून येते. आणि बिल मात्र तिन्ही वेळा आपल्याच नावावर फाटतं.

कंपनी म्हणजे शत्रू, असं मला मुळीच म्हणायचं नाही. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला ही कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी २००१ साली एड्सच्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी साडेतीनशे डॉलरवर आणण्याची तयारी जाहीर केली. तेव्हा बड्या कंपन्यांच्या त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर लागत. आफ्रिकेतल्या गरिबांना औषध मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली. तीही नफा कमावणारी कंपनीच. पण तिनं किंमत नावासकट जगासमोर मांडली, आणि बाकीच्यांना उत्तर द्यावं लागलं.

आम्हा कवींकडे एक जुनी रीत आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते, गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, तखल्लुस येतं. मी हे म्हटलं, मी त्याला जबाबदार, असं कवी ऐकणाऱ्यासमोर कबूल करतो. चार ओळी लिहिणाऱ्या फाटक्या कवीकडून समाज एवढी अपेक्षा करतो. मग कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्यांकडून ती का करू नये?

आपल्या हातात मोठं काही नाही. पण डॉक्टरांना नम्रपणे म्हणता येतं, "साहेब, औषधाचं मूळ नावही लिहा." मनानं औषध बदलू नका, पण नाव विचारा. निवडणुकीत सभेला जाऊ तेव्हा खर्च कुणाचा, हे विचारता येतं. वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहून कळवता येतं, की या मजकुरावर 'जाहिरात' लिहायचं राहिलं आहे. अशी दहा पत्रं गेली तर अकराव्या वेळी ते लिहिलं जाईल, असा माझा भाबडा विश्वास आहे.

आपा आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते. डावा हात अजून उठत नाही. तिला वाचता येत नाही, पण मी तिला गोळीचं नाव शिकवलं आहे. टेल्मिसार्टन. तिच्या तोंडात त्याचं 'तेलमिसरी' झालं. परवा शेजारची बाई आपली पट्टी घेऊन तिला दाखवायला आली, माझीही रक्तदाबाचीच आहे म्हणाली. आपानं ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली आणि तिला म्हणाली, "हे कंपनीनं ठेवलेलं नाव असेल. औषधाचं नाव काय, ते आधी डॉक्टरला विचारून ये."