सूर्याच्या आडून येणारे धोंडे



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, आम्हां शेतकरी-कारागिरांना आभाळांतल्या धोंड्यांशीं काय कर्तव्य? पण धोंडा वाडा कीं झोपडी हें पाहून पडत नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें तळें तुम्हीं पाहिलें नसलें तरी ऐकलें असेल. लवणासुराच्या वधाची कथा तेथें सांगतात. खरें पाहतां काळ्या पाषाणांतला तो सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा आभाळांतून आलेल्या धोंड्यानेंच पाडला.

तें फार जुनें झालें. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं सकाळीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारें २० मीटरांचा धोंडा हवेंत फुटला. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशीं धांवले. कांहीं वेळानें हवेचा धक्का आला, तावदानें फुटलीं, सुमारें १५०० माणसें जखमी झालीं. (वीज आधीं दिसते, गडगडाट मागाहून येतो, हें पोरासोरांनाही ठाऊक आहे. असा उजेड दिसला तर खिडकीपासून दूर व्हावें, एवढें लक्षांत असूं द्या.) जगांत एवढ्या दुर्बिणी असून तो कोणासच आधीं कां दिसला नाहीं? कारण तो सूर्याच्या बाजूनें आला. मावळत्या उन्हाकडे तोंड करून उभे राहिलें कीं समोरची बैलगाडी दिसेनाशी होते, तशांतलाच हा प्रकार!

म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावयाची. तेथें सूर्याशेजारींही आभाळ काळेंच असतें. अन् दुर्बीण प्रचंडच हवी असें नाहीं. चेल्याबिन्स्कनंतर दहाच दिवसांनीं, २५ फेब्रुवारी २०१३ रोजीं, आपल्या श्रीहरिकोट्याहून कॅनडाचा ‘निऑसॅट’ उपग्रह वर गेला. दुर्बीण अवघी १५ सेंटीमीटरांची, म्हणजे वीतभरही नाहीं. सबंध वजन सुमारें ७४ किलो, भरल्या पोत्याएवढें. ऊन अडवावयास आपण डोळ्यांवर हात धरतों, तशी तिला झांपड लाविली होती. नवे धोंडे शोधण्यांत त्याला अपेक्षेइतकें यश आलें नाहीं, हेंही आम्हीं सांगितलें पाहिजे.

अमेरिकेच्या ‘निओवाइज’ नें मात्र पुष्कळ काम केलें. आरसा ४० सेंटीमीटरांचा. दुसऱ्या कामासाठीं सोडलेला हा उपग्रह २०११ सालीं निजविला होता. २०१३ सालीं त्यास या कामीं जागें केलें, आणि २०२४ पर्यंत तो राबला. त्याची युक्ति आमच्या मायबहिणींस लागलीच कळेल. काळा तवा अंधारांत दिसत नाहीं, पण तापलेला असला तर हात जवळ नेतांच समजतो. कोळशासारखे काळे धोंडेही उन्हानें तापतात, आणि ती ऊब या उपग्रहाला दिसे. एकाच जागेचीं चित्रें फिरफिरून काढावयाचीं. तारे जागच्या जागीं राहतात, जो सरकला तो धोंडा!

सांपडला तर पुढें काय? यांत ना जप, ना दक्षिणा. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं अमेरिकेनें ‘डायमॉर्फस’ नांवाच्या धोंड्यावर एक यान मुद्दाम आदळविलें. तो आपल्याकडे येत नव्हता. नुसती परीक्षा होती. दुसऱ्या मोठ्या धोंड्याभोंवतींचा त्याचा फेरा सुमारें ३२ मिनिटांनीं कमी झाला. धोंडा ढकलतां येतो खरा, पण त्यासाठीं तो कित्येक वर्षें आधीं सांपडावा लागतो. आणि चेल्याबिन्स्कच्या मापाचे बहुतेक धोंडे अद्याप कोणाच्याच नोंदींत नाहींत.