दिवा छोटा, पण तार मोलाची

नवी गाडी दारात येते, हार घालून, नारळ फोडून होतो आणि मग महिन्याभरात तिच्यावर एकेक साज चढू लागतो. सीट कव्हरं येतात, पायाखालच्या मॅट येतात, डॅशबोर्डवर गणपती बसतो. हल्ली त्यात आणखी एक हट्ट असतो, आतल्या दिव्यांचा. पायाशी निळा उजेड हवा, दार उघडलं की पांढरा हवा, डॅशबोर्डखाली मनाला येईल तो रंग हवा. ही हौस तशी नवी नाही. मुंबईच्या ज्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमच्या निवृत्त झाल्या, त्यांतल्या कितीतरी टॅक्सींत देवाच्या तसबिरीभोवती रंगीत दिवे लुकलुकत असत. फरक पडला आहे तो एवढाच, की तेव्हा हे काम गॅरेजमधला वायरमन करायचा. आता दिव्यांची पट्टी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते, नाहीतर घरपोच येते, आणि रविवारी दुपारी घरातलंच कुणीतरी पक्कड घेऊन बसतं.

गेली पंचवीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आहे. हौस करू नका, असं मी सांगणार नाही. पण ती करताना कुठं जपायचं, ते सांगणार आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करू. घरातल्या २३० व्होल्टला आपण घाबरतो आणि ते योग्यच आहे. गाडीतल्या १२ व्होल्टची तार मात्र हातात धरली तरी साधी झिणझिणीही येत नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण शॉक बसणं वेगळं आणि आग लागणं वेगळं. इंजिन चालू करताना हीच बॅटरी स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर देत असते. एखादी बारीक तार कुठं सोलली गेली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर तेवढाच प्रवाह त्या तारेतून धावू पाहतो. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो, म्हणून प्लसची तार पत्र्याला जिथं टेकेल तिथं शॉर्ट सर्किट होतं. तार क्षणात लाल होते, आवरण वितळतं आणि खाली असतो गालिचा, फोम, प्लॅस्टिक.

आता दिव्याचा हिशेब पाहू. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर येतात. बाजारातल्या साध्या एलईडी पट्टीला मीटरमागे साधारण ४.८ वॉट लागतात. गाडीत दोन मीटर पट्टी लावली तर ९.६ वॉट झाले, म्हणजे पाऊण अँपिअरपेक्षा जरासं जास्त. जास्त प्रकाशाची पट्टी मीटरला १४.४ वॉट घेते, ती १.२ अँपिअर ओढते. लोक म्हणतात, एवढ्याशा दिव्याला फ्यूज कशाला? इथंच घोटाळा होतो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. दिवा किती थोडा प्रवाह घेतो हा प्रश्नच नाही. तार कुठं टेकली तर बॅटरी किती देईल, हा प्रश्न आहे.

आणि फ्यूज बसवायचा तो कुठं? घरावरची पाण्याची टाकी आठवा. मुख्य व्हॉल्व्ह आपण टाकीजवळ बसवतो, नळाजवळ नाही. कारण पाइप मध्येच फुटला, तर नळाजवळचा व्हॉल्व्ह बंद करून काय उपयोग? तसंच गाडीत. तार जिथून वीज घेते तिथंच, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवा. पट्टीच्या तोंडाशी लावलेला फ्यूज पट्टीपुरता उपयोगी; मधली दीड-दोन मीटर तार उघडीच राहते.

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब गाडी घेऊन माझ्याकडे आलं. गावाहून परतताना मागे बसलेल्या आजींना जळका वास आला, म्हणून त्यांनी गाडी थांबवायला लावली होती. मी पुढची सीट काढली. दिव्यांची तार सीटच्या रुळाखालून नेलेली होती. सीट मागेपुढे होताना तिचं आवरण घासून गेलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं. गालिच्याला हातभर लांब काळी रेघ पडली होती. तार जळून तुटली म्हणून प्रकरण तिथंच थांबलं. ती लावणाऱ्याने कुठंही फ्यूज घातला नव्हता. दोन अँपिअरचा फ्यूज काही रुपयांना मिळतो. तो असता तर तार टेकताक्षणी उडाला असता, दिवे विझले असते, आणि एवढंच.

वीज घेण्याची चांगली जागा म्हणजे स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असणारी फ्यूजपेटी. तिच्यातल्या एखाद्या कमी महत्त्वाच्या फ्यूजच्या जागी बसवण्याचा दुहेरी होल्डर मिळतो. एका खाचेत जुना फ्यूज, दुसऱ्या खाचेत आपला. मूळ तार कापावी लागत नाही. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : २ अँपिअरचा करडा, ३चा जांभळा, ५चा फिकट तपकिरी, १०चा लाल, १५चा निळा. आपल्या कामाला करडा किंवा जांभळा पुरतो. फ्यूज उडाला तर कारण शोधा. त्याच्या जागी मोठा फ्यूज, सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा घालू नका. पहारेकऱ्यानं आरडाओरडा केला म्हणून त्यालाच कामावरून काढण्यासारखं आहे ते. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक यांच्या फ्यूजला मात्र हात लावायचा नाही. पिवळ्या आवरणाच्या तारा आणि पिवळे कनेक्टर दिसले, तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. तिथून दूर राहायचं.

दुसरा प्रश्न बॅटरी उतरण्याचा. काही फ्यूजांना किल्ली काढल्यावरही वीज मिळत राहते. अशा ठिकाणी अर्ध्या अँपिअरचे दिवे चालू राहिले तर लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी होते. रिमोटवर चालणाऱ्या पट्टीची छोटी पेटी तर दिवे बंद असतानाही थोडी वीज पीत राहते. म्हणून किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारा फ्यूज निवडावा. मल्टिमीटर लावला की तो लगेच सापडतो.

दार उघडल्यावर लागणारे दिवे हवे असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक गाड्यांत दाराचं बटण प्लस जोडत नाही, मायनस जोडतं. अंदाजानं तार जोडली की दिवे एकतर लागतच नाहीत किंवा विझतच नाहीत. नव्या गाड्यांत तर हा दिवा संगणक चालवतो. तिथं आपल्या पट्टीचा भार त्याच्या गळ्यात न घालता जाणत्याकडून रिले बसवून घ्यावा.

तार नेण्याबाबत तीन पथ्यं. सीटच्या रुळाजवळून, पेडलच्या आसपास किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळून ती लोंबती न्यायची नाही. ब्रेकच्या पेडलमागे अडकलेली तार शॉर्ट सर्किटइतकीच वाईट. खिडकीजवळच्या खांबांच्या आच्छादनातून नेऊ नये, कारण पुष्कळ गाड्यांत तिथून पडद्यासारखी एअरबॅग उघडते. आणि सांधा नुसता पीळ देऊन, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून सोडू नये. उन्हात उभ्या गाडीत त्या पट्टीचा डिंक पातळ होतो आणि ती सुटून येते. सांधा दाबून किंवा डाग देऊन पक्का करावा, त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी आणि तारांची मोळी कापडी टेपनं बांधावी.

शेवटी उजेडाविषयी. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असतात, तांबड्याला कमी. रात्री घाट उतरताना गाडीत निळा झगझगाट असेल, तर पुढच्या वळणावरचा पायी चालणारा माणूस दिसायला उशीर होतो. शिवाय समोरच्या काचेवर त्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं ते निराळंच. म्हणून दिवा असा लपवावा की उजेड दिसावा, दिवा दिसू नये. पायाशी मंद तांबूस प्रकाश पुरेसा आहे. आणि चालकाच्या हाताशी एक बटण असावं, गाडी सुटली की तो बंद करायला.

काम स्वतः करणार असाल तर आधी बॅटरीची मायनसची तार सोडवा. काम झाल्यावर दिवे अर्धा तास चालू ठेवून तारेवरून आणि सांध्यांवरून हात फिरवा. तार गार हवी. कुठं ऊब लागली तर तो सांधा पुन्हा उघडा. आणि दुकानातून करून घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी एकच विचारा : 'फ्यूज कुठं बसवलात, दाखवा.' चांगला कारागीर हसतमुखानं झाकण उघडून दाखवेल. जो म्हणेल, 'साहेब, एवढ्याला फ्यूज लागत नाही,' त्याच्याकडून गाडीची किल्ली परत घ्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)